विश्लेषण : कोयनेचे भूकंप धरणामुळेच का? तीन किलोमीटर खोल विवरातून काय कळले?

‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित’ ही दोन ओळींची बातमी सातारा, सांगली आणि चिपळूणच्या वाचकांना नवी नाही. सहा दशकांहून अधिक काळ ती अधूनमधून छापून येते आणि विसरली जाते. पण याच धक्क्यांमुळे पाटण तालुक्याचा हा डोंगराळ पट्टा जगभरच्या भूकंपशास्त्रज्ञांच्या नकाशावर आहे. माणसाने अडवलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो का, झाला तर नेमका कसा, हे खडकात उतरून पाहण्याचा प्रयत्न येथे सुरू आहे. त्यासाठी सह्याद्रीच्या काळ्या कातळातून तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले आहे. त्यातून काय हाती लागले आणि कोयनेकाठी राहणाऱ्यांसाठी त्याचा अर्थ काय, याविषयी…

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे काय घडले?

पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. थंडीचे दिवस असल्याने बहुतेक माणसे घरात झोपेत होती. ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर आणि आसपासची गावे हादरली. दगड-मातीच्या भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या. जवळपास दोनशे जणांचा मृत्यू झाला, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. कोयनानगर वसाहतीतील बहुतांश घरे राहण्याजोगी उरली नाहीत. दोनाचीवाडी परिसरात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला. कोयनेची वीजनिर्मिती थांबल्याने मुंबई-पुण्याच्या वीजपुरवठ्यालाही फटका बसला.

या भूकंपाने आणखी एका समजुतीला तडा दिला. दख्खनचे पठार हा भारतीय भूकवचाचा जुना, स्थिर भाग, येथे मोठा भूकंप होणार नाही, असे तोवर मानले जात होते. भूकंप म्हणजे हिमालय, आसाम, फार तर कच्छ. कोयनेने हा हिशेब बदलला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने तो अधिक क्रूरपणे बदलला. मात्र किल्लारी आणि कोयना यांत मोठा फरक आहे. किल्लारीत एक विनाशकारी भूकंप झाला आणि पश्चात धक्के हळूहळू विरले. कोयनेत मात्र भूकंप थांबलेच नाहीत.

धक्के धरण भरल्यानंतरच सुरू झाले का?

कोयना धरणात पाणी साठवायला साठच्या दशकाच्या सुरुवातीला प्रारंभ झाला. धरणाची उंची १०३ मीटर, शिवाजीसागर जलाशयाची क्षमता १०५ टीएमसीहून थोडी अधिक. पाणी साठू लागल्यावर १९६२पासून परिसरात लहान धक्के आणि जमिनीखालून गडगडाटासारखे आवाज जाणवू लागले. तक्रारी वाढल्यानंतर तेथे भूकंपमापन केंद्रे उभारली गेली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचपेक्षा जास्त तीव्रतेचा भूकंप झाला आणि तीन महिन्यांच्या आत डिसेंबरचा मोठा भूकंप आला.

त्यानंतर या पट्ट्यात आजवर पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे २२, चारपेक्षा मोठे सुमारे दोनशे आणि त्याहून लहान हजारो भूकंप नोंदले गेले. हे सगळे साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद पट्ट्यात घडले. या पट्ट्याच्या बाहेर ५० किलोमीटरपर्यंत असा दुसरा सक्रिय स्रोत नाही. बहुतेक भूकंपांची नाभी दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर असते. भूकंपाची जागा ठरलेली, खोली कमी आणि धक्क्यांना खंड नाही, असा योग जगात फार क्वचित जुळतो. त्यामुळेच शास्त्रज्ञ कोयनेला ‘नैसर्गिक प्रयोगशाळा’ म्हणतात.

पाण्याच्या वजनाने भूकंप होतो का?

सर्वसाधारण समज असा, की एवढे पाणी साठवले म्हणून जमीन दबली आणि हलली. वजन मोठे आहे, यात शंका नाही. काठोकाठ भरलेल्या शिवाजीसागरात सुमारे तीनशे कोटी टन पाणी असते. पण खडकांच्या मापाने ते किरकोळ ठरते. शंभर मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहा पट भरतो. पाच किलोमीटर खोलीवर, जिथे कोयनेचे भूकंप होतात, तिथे वरच्या खडकांचाच दाब वातावरणाच्या तेराशे पटींहून अधिक असतो. त्यात जलाशयाची भर एक टक्क्याहूनही कमी. एवढ्याशा भाराने शाबूत खडक फुटणे शक्य नाही.

मुख्य भूमिका असते ती खडकांच्या भेगांतील पाण्याच्या दाबाची. जमिनीखाली जुने भ्रंश असतात, म्हणजे खडकांचे दोन प्रचंड ठोकळे जिथे एकमेकांना टेकलेले असतात त्या फटी. भूपट्ट्यांच्या हालचालींमुळे हे ठोकळे सरकू पाहतात, पण वरच्या दाबामुळे ते एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवते. जलाशयामुळे भेगांतील पाण्याचा दाब वाढला, की हे पाणी दोन्ही ठोकळ्यांना किंचित अलग करू लागते. ओल्या ओट्यावर गरम पातेले ठेवले की ते कधी कधी आपोआप सरकते, हे अनेकांनी पाहिले असेल. पातेल्याचे वजन तेवढेच असते, पण खाली कोंडलेल्या हवेचा आणि वाफेचा दाब त्यातील काही भार पेलतो आणि पकड सुटते. भ्रंशाचेही तसेच होते. पकड सैल झाली आणि ताण आधीच पुरेसा असेल, तर ठोकळे सरकतात. तोच भूकंप.

पावसाळ्याशी भूकंपाचा संबंध काय?

जूनमध्ये कोयनेच्या पाणलोटात पाऊस सुरू होतो, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत जलाशय भरत येतो आणि मग वीजनिर्मिती व सिंचनासाठी पाणी सोडले जाऊन पातळी उतरते. भूकंपांच्या नोंदी या चक्राशेजारी ठेवल्या तर दोन उंचवटे दिसतात. एक पाणी चढल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास. दुसरा पातळी उतरू लागल्यावर, डिसेंबरच्या आसपास. सप्टेंबर १९६७, सप्टेंबर १९८० आणि सप्टेंबर २०००. तसेच डिसेंबर १९६७, डिसेंबर १९९३ आणि डिसेंबर २००९ या महिन्यांत पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंप झाले.

दोन उंचवट्यांचा अर्थ असा लावला जातो, की पाणी चढताना भाराचा परिणाम लगेच होतो, पण वाढलेला दाब भेगाभेगांतून खोलवर झिरपायला काही आठवडे किंवा महिने लागतात. मात्र हा कल आहे, नियम नव्हे. १९७३चा भूकंप ऑक्टोबरमध्ये, १९९४चा फेब्रुवारीत, तर २००५चा मार्चमध्ये झाला. दरवर्षी धरण भरते, पण दरवर्षी मोठा भूकंप होत नाही.

हा फरक का पडतो, याचा शोध हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांसारख्या भूकंपशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकापासून घेतला. पातळी किती उंच गेली, यापेक्षा ती किती वेगाने चढली, पाणी त्या पातळीवर किती काळ राहिले आणि पूर्वीचा उच्चांक मोडला का, हे घटक महत्त्वाचे असल्याचे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. आठवड्याला सुमारे १२ मीटर, म्हणजे ४० फूट वेगाने पाणी चढणे, ही कोयनेतील मोठ्या भूकंपासाठीची आवश्यक, पण पुरेशी नसलेली अट असल्याचे गुप्ता यांनी मांडले.

वारणा धरणाने काय बदलले?

कोयनेच्या दक्षिणेला चांदोली येथे वारणा धरण आहे. त्यात १९८५पासून पाणी साठू लागले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा जलाशय बऱ्यापैकी भरल्यानंतर भूकंपांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. १९९३-९४मधील पाचपेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंप याच बाजूला झाले. धरणाचा आणि भूकंपांचा संबंध योगायोगाचा नाही, असे म्हणणाऱ्यांना हा दुसरा पुरावा मिळाला. पहिले धरण भरल्यावर एका ठिकाणी आणि दुसरे भरल्यावर त्याच्या जवळ, असा क्रम दिसला.

दोन्ही भागांत खडक सरकण्याची पद्धतही वेगळी आहे. कोयनेजवळ ठोकळे प्रामुख्याने एकमेकांना घासून आडवे सरकतात. वारणेच्या बाजूला एक ठोकळा दुसऱ्याच्या तुलनेत खाली घसरल्याचे भूकंप अधिक आढळतात. म्हणजे एकाच लांबलचक भ्रंशाऐवजी येथे लहान-मोठ्या भ्रंशांचे जाळे आहे.

‘धरणाने घडवले’ की ‘धरणाने निमित्त दिले’?

शास्त्रज्ञ येथे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे वापरतात. खडक मोडण्याइतका ताण माणसाच्या कृतीतूनच निर्माण झाला असेल, तर तो मानवनिर्मित, म्हणजे प्रेरित भूकंप. ताण निसर्गाने आधीच साठवलेला असेल आणि माणसाने फक्त शेवटची किंचित भर घातली असेल, तर तो चालना मिळालेला भूकंप. कोयनेचे भूकंप दुसऱ्या गटात मोडतात. भारतीय भूपट्टा उत्तरेकडे सरकून आशियाला धडकतो आहे आणि त्याचा ताण पठाराच्या पोटातही साठतो. तो शिवाजीसागरने निर्माण केलेला नाही.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. धरण नसते तर १९६७चा भूकंप झालाच नसता, असे ठामपणे म्हणता येत नाही. कदाचित तो पुढे कधी तरी झाला असता. उलट, धरणाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणेही नोंदींशी जुळत नाही. धरण रिकामे केले की भूकंप थांबतील, हा निष्कर्षही त्यामुळे सोपा राहत नाही. पाणी उतरतानाही भूकंप होतात, हे कोयनेनेच दाखवले आहे.

मग प्रत्येक धरणाजवळ भूकंप का होत नाहीत?

कारण पाणी हे फक्त निमित्त आहे. मोडण्याच्या बेतात आलेला भ्रंश जवळ हवा आणि तिथपर्यंत पाण्याला वाट हवी. जगात हजारो मोठी धरणे आहेत. त्यांपैकी जलाशयामुळे भूकंपांना चालना मिळाल्याची उदाहरणे शंभराहून थोडी अधिक आहेत. अमेरिकेतील हूवर धरणाच्या मीड जलाशयाजवळ तीसच्या दशकात हा संबंध प्रथम लक्षात आला. सहापेक्षा जास्त तीव्रतेचे भूकंप तर मोजकेच : चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरील करिबा (१९६३), ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) आणि कोयना (१९६७). त्यातही इतकी वर्षे अखंड सक्रिय राहिलेले ठिकाण कोयनाच.

महाराष्ट्रात भातसा धरणाच्या परिसरातही १९८३मध्ये धक्क्यांची मालिका झाली होती, पण ती ओसरली. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिथे मोठ्या धरणाचा संबंध दिसत नाही. त्यामुळे राज्यातील प्रत्येक धक्क्याला कोयनेचे स्पष्टीकरण लावता येत नाही.

जमिनीत विवर खणण्याची गरज काय?

आतापर्यंत भूकंपाचा अभ्यास झाला तो जमिनीवर ठेवलेल्या यंत्रांतून. डॉक्टरने रुग्णाला न तपासता दाराबाहेरून खोकल्याचा आवाज ऐकून निदान करावे, तसा हा प्रकार. प्रत्यक्ष नाभीच्या जवळ खडक कसा आहे, त्यात किती पाणी आहे, त्याचा दाब किती, तापमान किती, ताण कोणत्या दिशेने आहे, हे जमिनीवरून फक्त अंदाजाने सांगता येते. भूकंपाच्या आधी, भूकंप होताना आणि नंतर या गोष्टी कशा बदलतात, हे नाभीजवळ मोजले गेल्याची उदाहरणे जगात फार कमी आहेत.

कोयनेत हे शक्य आहे, कारण येथील भूकंप उथळ आहेत आणि ते कुठे होणार हे ठाऊक आहे. २०११ साली आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक खोदकाम कार्यक्रमाच्या सहभागाने झालेल्या कार्यशाळेत देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी या कल्पनेची छाननी केली. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी कराडजवळ हजारमाची येथे भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारण्यात आली. खोल विवरांच्या अभ्यासाला वाहिलेली ही संस्था आहे.

खोदकाम कसे झाले?

थेट खोल जाण्याआधी २०१२ ते २०१४ या काळात परिसरात नऊ शोधविवरे घेण्यात आली, प्रत्येक साधारण दीड किलोमीटर खोल. विमानातून गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजले गेले, खडकांची विद्युतवाहकता तपासली गेली, लेझर किरणांनी जंगलाखालच्या जमिनीचा उंचसखलपणा टिपला गेला. सहा विवरांत खोलवर, थेट ग्रॅनाइटच्या थरात भूकंपमापक बसवण्यात आले. जमिनीवरील वाहने, वारा आणि पावसाचा गोंगाट तिथे पोहोचत नाही. त्यामुळे फार लहान धक्केही स्पष्ट नोंदले जातात आणि भूकंपाची जागा पूर्वीपेक्षा अचूक सांगता येते.

त्यानंतर गोठणे येथे मुख्य चाचणी विवर घेण्यात आले. २० डिसेंबर २०१६ रोजी काम सुरू झाले आणि जून २०१७मध्ये विवर सुमारे तीन हजार मीटरवर पोहोचले. काम वाटते तितके सरळ नव्हते. वरचा बेसाल्ट एकसंध नाही. लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांमध्ये सच्छिद्र, ठिसूळ पट्टे आहेत. त्याखालचा ग्रॅनाइट अतिशय कठीण, पण भ्रंशाजवळ चिरफाळलेला. त्यामुळे चिखलमिश्रित द्रव फिरवत खोदण्याची पद्धत आणि दाबाखालच्या हवेने हातोड्यासारखे ठोके देण्याची पद्धत, अशा दोन्हींचा वापर करावा लागला. भेगाळलेल्या खडकात खोदकामाचे अवजार अडकण्याची भीती कायम असते. एकदा अडकले की महिन्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

विवरातून काय सापडले?

पहिली गोष्ट म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची खरी जाडी. गोठणे येथे बेसाल्टचा थर सुमारे सव्वा किलोमीटर, तर रासाटी येथे साधारण ९३२ मीटर भरला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून साचलेला हा लाव्हा. त्याच्या खाली गाळाचे खडक असतील, अशी एक शक्यता होती. प्रत्यक्षात बेसाल्ट संपताच थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. या दोन खडकांच्या वयांतील प्रचंड अंतराच्या काळाची नोंद ठेवणारा गाळाचा थरच येथे नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. तीन किलोमीटर खोलीपर्यंत खडकांच्या भेगांत पाणी आढळले आणि ते पावसाचेच मुरलेले पाणी असल्याचे संकेत मिळाले. म्हणजे सह्याद्रीवर पडणाऱ्या पावसाला एवढ्या खोलवर जायला वाटा आहेत. जलाशयाचा दाब नाभीपर्यंत पोहोचू शकतो का, या जुन्या प्रश्नाचे हे महत्त्वाचे उत्तर आहे.

तिसरी गोष्ट ताणाची. विवरातील चाचण्यांतून दिसले, की येथील खडक मोडण्याच्या उंबरठ्यावर आहेत. अशा अवस्थेत किंचित बदलही पुरेसा ठरतो. एक टक्क्याहून कमी भार भूकंपाला कारण कसा ठरतो, हे कोडे त्यामुळे बरेचसे सुटते. याशिवाय, सूर्यप्रकाश नसलेल्या आणि तापलेल्या या खडकांत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचाही अभ्यास येथे होत आहे.

लहान धक्के बसले की मोठा टळतो का?

कोयना खोऱ्यात ही समजूत दिलासा म्हणून सांगितली जाते. धक्के बसताहेत, म्हणजे ऊर्जा बाहेर पडते आहे, आता मोठा होणार नाही. गणित मात्र तसे सांगत नाही. तीव्रतेचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. १९६७च्या भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला चार तीव्रतेचे सुमारे २८०० किंवा तीन तीव्रतेचे सुमारे ९० हजार भूकंप व्हावे लागतील. सहा दशकांत चारपेक्षा मोठे भूकंप झाले ते सुमारे दोनशे. लहान धक्क्यांनी ताण थोडा हलका होतो, हे खरे. पण तो संपतो असे नाही. उलट, १९६७मध्ये मोठ्या भूकंपाआधी लहान धक्के येऊन गेलेच होते.

भाकीत करता येईल का?

अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, एवढा मोठा भूकंप होईल, असे सांगण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही. समाजमाध्यमांवर फिरणारे तसे संदेश निराधार असतात. कोयनेत मात्र मर्यादित अर्थाने पूर्वानुमानाचे प्रयत्न झाले आहेत. चारच्या आसपासच्या भूकंपाआधी काही दिवस लहान धक्क्यांचा पुंजका तयार होतो का, हे पाहून गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५नंतर काही पूर्वानुमाने नोंदवली आणि त्यांतील काही खरी ठरल्याचे शोधनिबंधांत मांडले. यात अडचण अशी, की प्रत्येक पुंजक्यानंतर मोठा धक्का येत नाही. पुंजका दिसला म्हणून गावे रिकामी करण्याइतकी खात्री यातून मिळत नाही. खोलवरच्या यंत्रांना दाब, तापमान किंवा ताणातील काही ठोस पूर्वखूण सापडते का, हाच आता खरा प्रश्न आहे. अशी खूण सापडली नाही, तरी तेही एक उत्तरच असेल.

धरण आणि घरे किती सुरक्षित?

१९६७च्या भूकंपात धरण हादरले, त्याच्या वरच्या भागात, जिथे मागील बाजूचा उतार बदलतो त्या पातळीवर, तडे गेले. पण ते फुटले नाही. तडे बुजवण्यात आले आणि पुढे धरणाला मागून काँक्रीटचा अतिरिक्त आधार देऊन ते बळकट करण्यात आले. धरणातील यंत्राने त्या पहाटे नोंदवलेली हादऱ्यांची आकडेवारी आज जगभर धरणांचे आराखडे तपासताना वापरली जाते. भूकंपात काँक्रीटचे धरण कसे वागते, याचा धडा अभियांत्रिकीचे विद्यार्थी कोयनेच्या उदाहरणावरच गिरवतात.

माणसे मेली ती घरे पडल्याने. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि जड छपरे हे किल्लारीतही मृत्यूचे मुख्य कारण ठरले. देशाच्या भूकंपप्रवणतेच्या २००२च्या नकाशात कोयना परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र धोक्याच्या क्षेत्रात येतो. तेथे नवे घर बांधताना पाया, दरवाजे-खिडक्या आणि छप्पर या पातळ्यांवर भिंतींना चहूबाजूंनी बांधून ठेवणारे काँक्रीटचे पट्टे आणि कोपऱ्यांत सळया घालणे, हा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने थोडा असतो. भूकंपाचे भाकीत येण्याची वाट न पाहता आजच करता येण्याजोगे हे काम आहे.

जगाला याचा उपयोग काय?

जमिनीत पाणी दाबाखाली गेले की भूकंपांना चालना मिळू शकते, हा प्रश्न आता धरणांपुरता उरलेला नाही. अमेरिकेतील डेन्व्हरजवळ साठच्या दशकात खोल विहिरीत सांडपाणी सोडल्यावर धक्के सुरू झाले होते. ओक्लाहोमात तेल-वायू उत्पादनातील खारे पाणी जमिनीत सोडल्याने भूकंप वाढले आणि २०१६मध्ये ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दक्षिण कोरियात पोहांग येथे भूऔष्णिक विजेसाठी खडकात पाणी सोडण्याच्या प्रकल्पाशी २०१७चा ५.४ तीव्रतेचा भूकंप जोडला गेला. कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवण्याच्या योजनांसमोरही हाच प्रश्न आहे. पाणी खडकात कुठवर जाते आणि भ्रंश कोणत्या क्षणी सुटतो, याचे कोयनेतून मिळणारे उत्तर या सर्वांना उपयोगी ठरेल.

पुढे काय?

गोठण्याचे विवर ही चाचणी होती. नाभी आहेत त्या पट्ट्यात, म्हणजे पाच ते सहा किलोमीटर खोलीपर्यंत जाऊन तिथे कायमस्वरूपी वेधशाळा उभारणे, हे मूळ उद्दिष्ट आहे. त्यासाठी अधिक ताकदीचे यंत्र, अधिक उष्णता सोसणारी उपकरणे आणि अनेक वर्षांचा धीर लागेल. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशात अशा विवरात उतरवलेली उपकरणे अल्पावधीत निकामी झाली होती, याचीही जाणीव शास्त्रज्ञांना आहे.

सुमारे १९६० मेगावॉट वीजनिर्मितीची क्षमता असलेला कोयना प्रकल्प राज्याला नको म्हणता येणार नाही आणि खोऱ्यातील माणसांना गाव सोडून जाता येणार नाही. पाणी दर पावसाळ्यात चढणार, दर हिवाळ्यात उतरणार. त्या चढ-उतारात खाली काय घडते, हे आजवर फक्त धक्का बसल्यावर कळत होते. ते आधी कळू शकेल का, याचे उत्तर या विवरांतून मिळेल अशी आशा आहे. तोवर धक्क्याची बातमी ‘धरण सुरक्षित’ या शब्दांवर संपवताना, धरणाखालच्या गावांतील घरे सुरक्षित आहेत का, हा प्रश्नही विचारत राहावा लागेल.